ताटाची डावी बाजू



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला होता. मी कामाच्या ठिकाणचं जेवण हा विषय निवडला, आणि त्यातही ताटाची डावी बाजू: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. माझी नोकरी कारखान्यांत कल्याण अधिकारी म्हणून झाली. कॅन्टीन माझ्याकडेच असायचं. तक्रारवहीत भाजीबद्दल लिहिलेलं असे, पोळ्या कच्च्या राहिल्याबद्दल असे, भातात खडा आल्याबद्दल तर पानंच्या पानं असत. डाव्या बाजूबद्दल कुणी काही लिहिल्याचं मला आठवत नाही. लोणचं आणि पापड मिळाले की ती बाजू भरली, असं सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. मावळातल्या तळेगाव, टाकवे, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात राबणाऱ्या माणसाचा रक्तदाब आणि अंगातलं रक्त या दोन्हींचा निकाल आज बऱ्याच प्रमाणात त्या दुर्लक्षित कोपऱ्यात लागतो, असं माझं मत आहे. आणि ताटाचा हाच भाग असा आहे, की जो थोड्या पैशांत, याच वर्षी सुधारता येईल.

पण ताटाकडे येण्याआधी त्या अर्ध्या तासाकडे येऊ, ज्यात आपण ते ताट संपवतो. तो अर्धा तास आपल्याला कुणी सहज दिलेला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. लोखंड्यांचं मूळ घराणं आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. त्या निवेदनात रविवारची सुट्टी होती, वेळेवर पगार होता, जखमी कामगाराला मदत होती, आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात ती अर्ध्या तासाची सुट्टी आली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने सांगितलं, की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही आणि मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. म्हणजे वेळेची लढाई एका पिढीने लढून ठेवली. त्या वेळेत पोटात काय जातं, हा प्रश्न मात्र आपण ठेकेदाराच्या हवाली केला. मला हे फार लागतं.

आपल्या मावळाला ठेकेदारीचा इतिहास नवा नाही. बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. १८६१ च्या सुरुवातीला या घाटात ४२,००० माणसं खपत होती. त्याआधी १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला होता, कारण पोटकंत्राटदारांनी त्यांची मजुरी थकवली होती. एवढी माणसं कड्यावर टांगून घेऊन सुरुंग भरत होती, पटकीच्या साथीत मरत होती, आणि त्यांच्या जेवणाची जबाबदारी ज्याची त्याच्यावर होती. लोणावळ्याची चिक्की ही रेल्वेच्या मजुरांना विकल्या जाणाऱ्या गूळदाणीतून आली, असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. गोष्ट मला खरी वाटते, कारण ती पोटाची आहे. शेंगदाण्यात वजनाच्या साधारण चौथा हिस्सा प्रथिनं असतात. गुळाने लगेच ताकद येते. चिक्की खिशात राहते, नासत नाही. आजही चारच्या चहाबरोबर खारी किंवा क्रीमच्या बिस्किटापेक्षा शेंगदाण्याच्या चिक्कीची एक वडी मी केव्हाही बरी म्हणेन. फक्त तिला औषध समजू नये. गूळ झाला तरी ती साखरच, आणि मधुमेह्याने तिथेही हात आवरायचा.

आता १९४८ च्या त्याच कायद्याचं दुसरं कलम, ४६ वं. जिथे २५० पेक्षा जास्त कामगार असत तिथे मालकाने कॅन्टीन चालवायचं, अशी सक्ती त्याखाली राज्य सरकार करू शकत असे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा शंभरावर आला आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे असं स्पष्ट लिहिलं. पण माझ्या दृष्टीने ४६ व्या कलमाचा खरा जीव वेगळ्या ओळीत होता. कॅन्टीनसाठी व्यवस्थापन समिती असावी आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद त्यात होती. ही समिती बहुतेक ठिकाणी कागदावर जिवंत असते. बैठकीत दर वाढवायचा की नाही यावर तासभर वाद होतो, मग दिवाळीच्या गोडाचा विषय निघतो आणि चहा येतो. ताटातल्या मिठाचा हिशोब या समितीपुढे आलेला मी फार क्वचित पाहिला.

मिठाचा हिशोब म्हणजे काय, ते सांगते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. साधारण चहाचा एक सपाट चमचा. यात भाजीतलं, पोळीच्या कणकेतलं, चिवड्यातलं, वडापावातलं, लोणच्यातलं, सगळं आलं. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही तोच आहे. आपण भारतीय सरासरीने याच्या दुपटीच्या आसपास खातो. आता डावी बाजू पाहा. ज्या लोणच्यात टिकवण्याचं काम मुख्यतः मीठच करतं, त्यात शंभर ग्रॅममागे बारा ग्रॅम तरी मीठ असतं. कॅन्टीनच्या पळीने एकदा वाढलं की पंधरा-वीस ग्रॅम लोणचं पडतं. म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास मीठ त्या एका पळीत. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, तोही सोडियमचाच. भजी फुगावीत म्हणून सोडा, त्यातही सोडियम. सॉसच्या पुडीत मीठ आहे आणि साधारण पाव भाग साखर आहे. शेव-फरसाणाची मूठ वेगळी. आणि टेबलावर मिठाची बरणी उघडी असते, चव बघण्याआधीच जिच्याकडे हात जातो.

पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा येतो. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. एवढं गणित आपल्यापैकी प्रत्येकाला जमेल. सैंधव घेतलं, काळं मीठ घेतलं, म्हणून हा हिशोब बदलत नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच.

लोणच्याशी माझं वैर नाही. माझ्या आईच्या हातचं कैरीचं लोणचं मी अजून विसरले नाही. पण घरी ते बोटाच्या टोकाएवढं वाढलं जायचं. बरणीला फडकं बांधलेलं असायचं आणि पळी आजीच्या ताब्यात असायची. कॅन्टीनमध्ये तेच लोणचं ताटाच्या एका संपूर्ण कप्प्यात येतं आणि माणूस ते संपवतो. का संपवतो, हे मी रोज पाहिलं आहे. आमटी पातळ असते. डाळ महाग, तिची कसर पाण्याने भरून निघते. भाजीत बटाटा जास्त. तिला स्वतःची चव नसते म्हणून ठेकेदार तिखट, मीठ आणि तर्री ओततो. मीठ आणि तेल ही फिकं अन्न रुचकर करण्याची सर्वांत स्वस्त साधनं आहेत. त्यामुळे कामगाराला जास्त मीठ खाण्याची सवय आहे, असं जे म्हणतात त्यांनी आधी ताटाचा दर विचारावा. कमी दराच्या ताटाची भरपाई कामगाराच्या रक्तवाहिन्या करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाचा रक्तदाब वाढलेला आढळला, किंवा ते त्यासाठी गोळ्या घेत होते. त्यात स्त्रियाही पुरुषांच्या बरोबरीने आहेत.

इथे मला एक रास्त शंका ऐकू येते. भट्टीपुढे, फोर्जिंगमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्याला घाम येतो. त्याला मीठ लागणारच. आपल्या तळेगावला या कामाची जुनी ओळख आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि १९०८ साली इथे काचेचा कारखाना निघाला. वितळलेल्या काचेपुढे उभं राहून नळी फुंकणाऱ्याचा घाम काय असतो, हे या गावाला कुणी शिकवायला नको. अशा कामात मीठ अंगातून जातं, हे खरं. ते भरून काढायचं ते कामाच्या वेळात, पाण्याबरोबर, थोडं थोडं: चिमूटभर मिठाचं ताक, लिंबूपाणी, उन्हाळ्यात कोकम किंवा पन्हं. दुपारी एकदम लोणचं-पापड खाऊन वर दोन पेले पाणी पिण्याने ते काम होत नाही. आणि आज तळेगाव-चाकण पट्ट्यात जुळणीच्या लाइनवर, पॅकिंगमध्ये, स्टोअरमध्ये, संगणकापुढे बसणारे किती, भट्टीपुढचे किती? भट्टीवाल्याच्या नावावर सगळ्यांनी मीठ खाल्लं, असं चाललं आहे. ज्याला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याने तर गरम खात्यात असला तरी डॉक्टरला विचारूनच हे ठरवावं.

डाव्या बाजूच्या दुसऱ्या रहिवाशाबद्दल, लिंबाबद्दल, मला आज जास्त बोलायचं आहे, आणि ते विशेषतः बायकांसाठी. आंदर मावळातून, पवन मावळातून, नाणे मावळातून आज मुली कामाला येतात. पहाटे उठून घरचं करतात, कंपनीच्या बसने किंवा पुणे लोकलने येतात, उभ्याने आठ तास काम करतात. मी सांगितलेल्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त रक्तक्षयाच्या आढळल्या. निम्म्याहून जास्त. लाइनवर चक्कर येऊन बसलेल्या मुलीला आपण ग्लुकोजचं पाणी देतो आणि सकाळी खाल्लं नाहीस का म्हणून रागावतो. तिच्या ताटात बाजरीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ असली तरी त्यातलं लोह शरीर फार थोडं उचलतं. त्याच घासाबरोबर लिंबाची फोड पिळली, किंवा कच्चा टोमॅटो, कोथिंबीर, आवळा असलं काही खाल्लं, तर क जीवनसत्त्वामुळे ते लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होतं. चहातली द्रव्यं लोह अडवून ठेवतात. माझ्या मते प्रत्येक कॅन्टीनने दोन गोष्टी उद्यापासून कराव्यात: प्रत्येक ताटात लिंबाची फोड, आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे. पहिलीला खर्च थोडा आहे, दुसरीला नाहीच. लिंबं उन्हाळ्यात महागतात, हे मला माहीत आहे. तेव्हा कैरी असते. कैरीचा कीस कांद्यात घातला की कोशिंबीरही झाली.

कोशिंबिरीबद्दल शहरातले आहारतज्ज्ञ जे सांगतात, ते मावळात जसंच्या तसं चालत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत पाण्याचा भरवसा नसतो. काकडी कुठल्या पाण्यात धुतली, कोबी कधी चिरून ठेवला, हे कुणी पाहत नाही. जुलैत कॅन्टीनच्या कच्च्या सॅलडने निम्मं खातं जुलाबाने आडवं पडल्याचं ज्यांनी पाहिलं आहे, ते कोशिंबिरीच्या नावाने हात जोडतात. म्हणून पावसाळ्यात डावी बाजू वेगळी करावी. मोड आलेली मटकी वाफवून वर कांदा-लिंबू, वाफवलेलं गाजर-बीट दह्यात, भोपळ्याचं भरीत, आणि कोरड्या चटण्या. हिवाळ्यात मुळा, गाजर, कांद्याची पात, हरभऱ्याची पानं असं ताजं यावं. आपल्या घरांत हे ऋतूप्रमाणे होतच होतं. कॅन्टीनच्या छापील मेन्यूने बाराही महिने एक करून टाकले.

आणि कोरड्या चटण्या हे तर आपलं घरचं धन आहे. तीळ, जवस, कारळे, शेंगदाणा, सुकं खोबरं, लसूण, कढीपत्ता. तिळात शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम आहे. जवसात ओमेगा-३ जातीचं स्निग्ध आहे, जे शाकाहारी ताटात सहसा सापडत नाही. कारळ्याची चटणी काळी दिसते म्हणून नव्या मुलांना आवडत नाही. एकदा भाकरीवर कच्चं तेल घालून द्यावी आणि मग विचारावं. यांत स्वतःची खमंग चव इतकी असते की मीठ निम्मं केलं तरी कळत नाही. लसूण आणि थोडी आमसुलाची पूड घातली की आणखी कमी चालतं. सावध राहायचं ते एवढंच, की शेंगदाण्याची चटणी कुबट झाली, बुरशी आली, तर ती टाकून द्यायची. पावसाळ्यात आठ दिवसांपुरतीच करायची.

आता कॅन्टीन समितीने काय करावं, ते सांगते. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली. त्यांचं मोठेपण मला यात वाटतं, की परंपरेवर श्रद्धा असूनही तिचे परिणाम त्यांनी प्रयोगशाळेत मोजून पाहिले आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. मोजण्याची ही रीत त्यांच्या शेजारच्या कॅन्टीनमध्ये यावी. त्यासाठी यंत्र लागत नाही. स्टोअरचं रजिस्टर काढा. महिन्याला किती किलो मीठ उचललं, ते पाहा. त्याला महिन्यात वाढलेल्या ताटांनी भागा. समजा ४०० ताटं, २६ दिवस, म्हणजे १०,४०० ताटं, आणि मीठ गेलं ४० किलो. ताटामागे जवळजवळ चार ग्रॅम आले. त्यात लोणचं आणि पापड मिळवा. दिवसभराचं मीठ एका जेवणात संपून वर गेलं, आणि रात्रीचं जेवण अजून घरी आहे. हेच तेलाच्या डब्यांचं करा. असा कागद समितीच्या टेबलावर ठेवला की वादाला जागा उरत नाही. ठेकेदारसुद्धा ऐकतो, कारण आकडे त्याच्याच वहीतले असतात.

मग मीठ एकदम तोडू नका. महिन्याला दहावा हिस्सा कमी करा आणि गाजावाजा करू नका. जीभ काही आठवड्यांत जुळवून घेते. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात हृदयविकाराने तरुण माणसं मरत होती. तिथे उत्तर करेलिया प्रांतात १९७२ मध्ये काम सुरू झालं. पुढे बेकऱ्यांनी, कारखान्यांनी, सरकारने मिळून सबंध देशाच्या अन्नातलं मीठ वर्षानुवर्षं खाली आणलं, आणि लोकांचा रक्तदाबही खाली आला. चीनमध्ये ६०० गावांत जवळजवळ २१,००० लोकांवर प्रयोग झाला. निम्म्या गावांना साध्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेलं मीठ दिलं. २०२१ मध्ये निकाल आला, तेव्हा त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. असं मीठ आपल्याकडेही मिळतं, पण सबंध कॅन्टीनसाठी ते आणण्याआधी कारखान्याच्या डॉक्टरशी बोलावं लागेल. मूत्रपिंड अधू असलेल्याला पोटॅशियम घातक ठरू शकतं. त्याआधीचं सोपं काम राहतंच: मिठाच्या बरण्या टेबलावरून उचलून एका जागी ठेवा. ज्याला हवं तो उठून घेईल. लोणचं पळीऐवजी चहाच्या चमच्याने वाढा. पापड तळलेला देऊ नका, भाजलेला द्या, आणि रोज देऊ नका.

कंत्राटाच्या कागदात आज काय असतं? पोळ्या चार, भात अमुक ग्रॅम, भाजी तमुक ग्रॅम, लोणचं, पापड. डाव्या बाजूला वजन नसतं, नाव नसतं. नव्या करारात लिहून घ्या: कोशिंबीर किंवा वाफवलेली भाजी ७५ ग्रॅम, कोरडी चटणी १० ग्रॅम, लिंबाची एक फोड, ताक एक पेला, लोणचं ५ ग्रॅमपर्यंत. आमटीत माणशी डाळ किती, तेही लिहा, नाहीतर पुन्हा चवीची कसर मिठानेच निघेल. आणि हे ताट गेटच्या आतल्या प्रत्येकाला सारख्या दराने मिळालं पाहिजे. कायम कामगाराला सवलतीचं जेवण आणि त्याच मशीनवरच्या कंत्राटी पोराला बाहेरच्या टपरीवरचा वडापाव, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला ते कधीच सहन झालेलं नाही.

शेवटी माल कुठून आणायचा, ते बोलते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी तांदूळ दिला, १९८७ साली. त्याला सगळ्या महाराष्ट्रात मागणी आहे, पण मावळातल्या कॅन्टीनमध्ये तो क्वचितच शिजतो, कारण दर परवडत नाही. ते मी समजू शकते. पण चटणीचा माल असा महाग नाही. घाटमाथ्याच्या उतारांवर नाचणी-वरईबरोबर कारळे पूर्वीपासून पेरत आले आहेत. आता पेरा कमी झाला, कारण गिऱ्हाईक नाही. गावोगावच्या बचत गटांतल्या बायका चटण्या उत्तम करतात आणि त्या जत्रेत, प्रदर्शनात वर्षातून दोनदा विकल्या जातात. ४०० माणसांच्या एका कॅन्टीनला माणशी १० ग्रॅम धरले तर रोज चार किलो चटणी लागते, महिन्याला शंभर किलोच्या वर. एका गटाला हे बारमाही काम आहे. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर अन्नसुरक्षा खात्याची साधी नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते. अडचण पुढेच येते: कंपन्या साठ दिवसांनी बिल देतात आणि गटाला शेंगदाणे रोखीने घ्यावे लागतात. तेव्हा माझी इथे बसलेल्या व्यवस्थापकांना विनंती आहे, चटणीचं बिल दर आठवड्याला द्या. रक्कम तुमच्या हिशोबात दिसणारही नाही एवढी लहान आहे. युनियनच्या मंडळींना विनंती, की पुढच्या कॅन्टीन समितीच्या बैठकीला मिठाचं रजिस्टर घेऊन जा. ज्यांना ते गणित एकत्र बसून करायचं असेल, त्यांच्यासाठी मी व्याख्यानानंतर इथेच थांबणार आहे.